तटाविना राजधानी : पुण्याच्या जुन्या पेठांमधून

अठराव्या शतकातील पुणे ही राजधानी होती असे सहज म्हटले जाते, परंतु या विधानाला एक महत्त्वाची पुस्ती जोडावी लागते. मराठा राज्याची औपचारिक राजधानी सातारा होती, छत्रपती शाहू महाराजांचे वास्तव्य तेथे होते, आणि पुणे हे त्यांच्या पंतप्रधानाचे, म्हणजे पेशव्याचे, राहण्याचे ठिकाण होते. १७४९ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले, पुढच्या वर्षी सांगोला येथे झालेल्या कराराने राज्यकारभाराची सूत्रे पेशव्याच्या हाती आली आणि मगच दौलतीचे दफ्तर, फौजेचा हिशेब, वकिलांचे दरबार आणि सावकारांची देवघेव ही सारी पुण्यात एकवटली. राजधानी होण्यासाठी हे शहर बांधलेले नव्हते. सत्ता तेथे येऊन स्थिरावली आणि शहर तिच्या मागून वाढत गेले. त्यामुळेच अहमदाबाद, औरंगाबाद किंवा बुऱ्हाणपूर या शहरांभोवती दिसतो तसा सलग तट वाढत्या पुण्याभोवती कधीच पुरा झाला नाही. उत्तरेला व पश्चिमेला मुठा नदी, पूर्वेच्या अंगाला नागझरीचा ओढा आणि दक्षिणेकडून येणारा आंबिल ओढा, याच काय त्या शहराच्या नैसर्गिक सीमा होत्या. तट नसल्याची किंमत १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटून जाळले तेव्हा शहराने मोजली. परंतु तट नसल्यामुळेच त्याला कोणत्याही दिशेने नवी वस्ती जोडता आली, हेही तितकेच खरे आहे.

या वस्तीचे एकक म्हणजे पेठ. आज पेठ हा शब्द टपालाच्या पत्त्यापुरता उरला असला, तरी पेशवाईत ती सरकारी मंजुरीने वसवलेली, स्वतंत्र हिशेब असलेली बाजारवस्ती होती. नवी पेठ वसवायची झाली की सरकारातून एखाद्या कर्त्या व्यापाऱ्याला किंवा कारभाऱ्याला कौल दिला जाई. कौल म्हणजे अभयपत्र. त्यात बाहेरून येऊन दुकान थाटणाऱ्या वाण्याला, कोष्ट्याला, तांबटाला काही वर्षे कर माफ राहील आणि नंतर तो टप्प्याटप्प्याने चढत जाईल, असे वचन असे. या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत. पेठ वसवणाऱ्याला शेटे किंवा महाजन या पदाचे वतन मिळे, म्हणजे बाजारातील वजनमापांवर, दुकानांच्या जागांवर आणि व्यापाऱ्यांच्या आपसातील तंट्यांवर देखरेख करण्याचा वंशपरंपरागत हक्क आणि त्याबद्दलचे ठरावीक उत्पन्न. दुकानदार व कारागीर यांच्यावरील मोहतर्फा हा कर आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरील जकात यांतून सरकारला पुढे वसूल मिळत असे. राज्यकर्त्याने वाडा बांधला म्हणून शहर झाले, असे पुण्याबाबत म्हणता येत नाही. माणसांना येथे येऊन राहणे फायद्याचे वाटेल अशी सवलत दिली गेली, म्हणून ते झाले. जुन्या पुण्यातून पायी फिरताना ही गोष्ट लक्षात ठेवली, तर वाड्यांपेक्षा वाड्यांमधल्या गल्ल्याच अधिक बोलक्या ठरतात.

पुण्यात अलीकडे ज्या वारसा फेऱ्या काढल्या जातात, म्हणजे जाणकार वाटाड्याबरोबर जुन्या शहरातून पायी केलेली माहितीपूर्ण भ्रमंती, त्यांची सुरुवात बहुधा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून होते. सोयीच्या दृष्टीने हे योग्य असले, तरी इतिहासाच्या क्रमाने पाहता वाटेचा आरंभ तेथून थोडे पूर्वेला, कसब्यात व्हावयास हवा. कसबा म्हणजे परगण्याचे मुख्य ठिकाण असलेले बाजाराचे गाव. आठव्या शतकातील राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत या प्रदेशाचा पुण्य विषय आणि पुणक विषय असा उल्लेख सापडतो. विषय हा त्या काळी जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग होता. पुढे सुलतानी अमलात नदीकाठच्या या गावाला कोट होता, आणि कुंभारवेशीसारखे स्थलनाम त्याच जुन्या वेशींची आठवण देते. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने हे गाव उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, आणि काही वर्षांनी जिजाबाई व बाल शिवाजी येथे आल्यावर दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली जमिनीची पुन्हा लागवड झाली. लाल महाल आणि कसबा गणपती ही त्या पुनर्वसनाची दोन खूणस्थाने होत. सध्या दिसणारी लाल महालाची इमारत मात्र विसाव्या शतकात उभारलेली आहे. १६६३ च्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराजांनी शाएस्तेखानावर छापा घातला तो मूळ वाडा आज अस्तित्वात नाही, आणि हे फेरीत स्पष्टपणे सांगितले जाणे आवश्यक आहे.

कसब्याचे खरे वय कळते ते तेथील वाटांवरून. येथील बोळ वाकडेतिकडे, अरुंद आणि चढउताराचे आहेत, कारण ते आखलेले नसून वहिवाटीने पडलेले आहेत. दक्षिणेकडील शुक्रवार किंवा सदाशिव पेठेत गेल्यावर रस्ते बऱ्याच अंशी सरळ होऊन एकमेकांना काटकोनात छेदतात, कारण त्या पेठा ठरवून वसवल्या गेल्या. हा फरक सांगण्यासाठी फलक लागत नाही, पायांनाच तो जाणवतो. कसब्यातच तांबट आळी आहे. कोकणातून आलेल्या तांबट कारागिरांची ही वस्ती पेशवाईत येथे स्थिरावली, आणि तांब्या-पितळेची भांडी, पाणी तापवण्याचे बंब, सरकारी कामाचे धातुकाम असे सर्व काही त्यांच्या हातून होई. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने ठोके देऊन त्याला बळकटी आणि चकाकणारे ठिपके आणण्याच्या पद्धतीला मठारकाम म्हणतात. ते आजही आळीतील काही घरांत चालते. याच तांबट समाजातील गंगाराम चिंतामण नवगिरे ऊर्फ तांबट या चित्रकाराने १७९० च्या दशकात पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी वेरूळच्या लेण्यांची आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याची चित्रे काढली. त्याची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आणि पुण्याच्या फेरीत त्याचे नाव क्वचितच घेतले जाते, ही खेदाची बाब आहे.

शनिवारवाड्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे थोडक्यात सांगणे पुरे. १० जानेवारी १७३० रोजी पहिल्या बाजीरावांच्या हस्ते त्याचा पाया घातला गेला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली, आणि या पहिल्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये नोंदला गेला आहे. दगडी तट बांधण्याचा मान फक्त छत्रपतींचा, म्हणून तटाचे वरचे काम विटांचे केले, असे परंपरेने सांगितले जाते. कारण काही असो, खाली घडीव दगड आणि वर वीट ही रचना आजही उघड दिसते. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीत आतील लाकडी इमारती जळून गेल्या. आज पाहणाऱ्यासमोर उरतात ती जोती, म्हणजे इमारतींच्या पायाचे चौथरे, कारंज्यांचे हौद आणि दरवाजे. पेशवाई वाड्याची प्रत्यक्ष कल्पना येण्यासाठी येथून पुढे चालत राहावे लागते.

वाड्याच्या दक्षिणेला बुधवार पेठ लागते. हिच्या पूर्वरूपाला औरंगजेबाच्या मुक्कामाच्या काळात मुहियाबाद असे नाव मिळाले होते. पेशव्यांनी ज्या वस्त्यांना वारांची नावे दिली त्यांपैकी बहुतेकांना अशी जुनी नावे होती. शुक्रवार पेठ विसापूर, रविवार पेठ मलकापूर, सोमवार पेठ शहापुरा आणि गुरुवार पेठ वेताळ पेठ या नावाने ओळखली जात असे. ही यादी एवढ्यासाठी महत्त्वाची की पेशव्यांनी मोकळ्या माळावर शहर उभे केले नाही, हे तिच्यावरून स्पष्ट होते. आधीच्या सत्तांनी वसवलेले बाजार त्यांनी वाढवले, जोडले आणि नव्या नावाने दफ्तरात चढवले. जिवाजीपंत खासगीवाले यांच्यासारख्या कारभाऱ्यांनी शुक्रवार पेठेची वसाहत केली, तर सदाशिव आणि नारायण या पश्चिमेकडील पेठा पेशवे घराण्यातील पुरुषांच्या नावांनी पुढे आल्या.

बुधवार पेठेतच कोतवालाची चावडी होती. कोतवाल म्हणजे नगराचा पोलीसप्रमुख, असे आजच्या भाषेत सांगितले जाते, परंतु त्याच्या कामाची व्याप्ती त्याहून कितीतरी मोठी होती. घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवणे, बाजारभाव आणि वजनमापे यांवर लक्ष ठेवणे, रस्त्यांवरील अतिक्रमणे काढणे, शहरात नव्याने येणाऱ्यांची माहिती घेणे, लोकसंख्येची मोजदाद ठेवणे आणि रात्रीची इशाऱ्याची तोफ झाल्यावर रस्त्यांवर कोणी हिंडणार नाही याची व्यवस्था करणे, एवढी सारी कामे त्याच्याकडे असत. न्यायाधीश, नगरपालिका, मुद्रांक कचेरी आणि पोलीस ठाणे यांमध्ये आज विभागलेला अधिकार एका पदात एकवटला होता. असा अधिकार बेजबाबदार हाती गेला म्हणजे काय होते, हे पुण्याने घाशीराम सावळादास याच्या कारकिर्दीत पाहिले. १७७७ मध्ये कोतवाल झालेल्या घाशीरामाने ऑगस्ट १७९१ मध्ये काही तेलंगी ब्राह्मणांना कोंडून ठेवले. त्यांपैकी अनेक जण गुदमरून मेले आणि संतप्त लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकर यांच्या नाटकामुळे घाशीराम सर्वांना ठाऊक आहे. फेरीत सांगितली जाणारी कथाही त्याच्या क्रौर्यावरच थांबते. ज्या पदाने त्याला हे करू दिले त्या पदाची घडण सांगितली गेली, तर राजधानीचा कारभार कसा चाले हे ऐकणाऱ्याला अधिक नीट उमजेल.

तट नसलेल्या या शहराला सर्वांत मोठी सुरक्षितता दिली ती पाण्याने. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, पुण्याच्या दक्षिणेला कात्रजच्या डोंगरकुशीत ओढ्यावर बंधारे घालून तलाव बांधला गेला आणि तेथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाण्याचा नळ आणला गेला. नळ म्हणजे येथे धातूची नळी नव्हे, तर माणूस आत उतरून गाळ काढू शकेल असा चुन्यात बांधलेला भुयारी पाट. पाणी वाहते ते केवळ उताराच्या जोरावर, त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. ठरावीक अंतरावर या पाटावर उच्छ्वास बांधले आहेत. उच्छ्वास म्हणजे जमिनीवर डोके काढणारी उभी बांधीव नळकांडी, ज्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडते आणि प्रवाह अडत नाही. गाळ बसावा म्हणून वाटेत खोल कुंडे ठेवली गेली, आणि शहरात शिरल्यावर या मुख्य पाटाला फाटे फोडून ते हौदांत सोडले गेले. काळा हौद, तुळशीबागेतील हौद, सदाशिव पेठेचा हौद, नाना हौद ही नावे आजही रिक्षावाल्याला सांगता येतात. त्यांतील काही ठिकाणी हौद दिसतो, काही ठिकाणी केवळ नाव राहिले आहे. ज्या पेठांपर्यंत हे पाणी पोचले त्या भरल्या. याच काळात आंबिल ओढ्याचा प्रवाह वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले गेले, त्यामुळे ओढ्याच्या जुन्या पात्रालगतची जमीन वस्तीला मोकळी झाली आणि शहर दक्षिणेकडे सरकले. पर्वतीवरील देवालय, तळे, नळ आणि नवी पेठ ही एकाच दशकातील, एकमेकांत गुंतलेली कामे होती. राजधानीची आखणी म्हणून ज्या कामाला निःसंशय दाद द्यावी, असे पुण्यातील काम हेच.

परंतु हौदावरचे पाणी सर्वांचे नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना सार्वजनिक हौदांना हात लावता येत नसे, आणि राजधानीच्या वैभवाचे वर्णन करताना ही वस्तुस्थिती वगळणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे होय. १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घराचा हौद या जातींना खुला केला, तेव्हा पेशवाई बुडून पन्नास वर्षे झाली होती, पण पाण्यावरील बंधने उठली नव्हती. त्याआधी वीस वर्षे, १ जानेवारी १८४८ रोजी, बुधवार पेठेतील भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली होती. तो वाडा मोडकळीस येऊन २०२३ मध्ये पाडला गेला आणि त्या जागी राष्ट्रीय स्मारक करण्याचे ठरले आहे.

बुधवार पेठेतून आप्पा बळवंत चौकाकडे जाताना पुस्तकांची दुकाने सुरू होतात. पानिपतच्या मोहिमेत १७६० च्या अखेरीस मारल्या गेलेल्या बळवंतराव मेहेंदळे यांच्या मुलाचे नाव या चौकाला आहे. येथेच जवळ असलेला बुधवार वाडा १८७९ च्या आगीत नष्ट झाला, आणि विश्रामबागवाड्याचाही काही भाग तेव्हा जळाला. तरीही दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेला हा वाडा पेशवाईच्या अखेरच्या घरबांधणीचा सर्वांत चांगला नमुना म्हणून शिल्लक आहे. सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब, केळफुलाची नक्षी आणि दर्शनी सज्जा यांवरून नजर हटत नाही. वाड्यांची मोजणी खणांत होई. खण म्हणजे दोन खांबांमधील जागा, आणि किती खणांचे घर यावरून मालकाची ऐपत कळे. चौकाभोवती चारही बाजूंनी ओसऱ्या असलेल्या घराला चौसोपी म्हणत. दर्शनी दरवाजामागे पहारेकऱ्याची देवडी, मग चौक, वर दिवाणखाना आणि मागे माजघर व परसू, असा साधारण क्रम असे. १८२१ मध्ये इंग्रजांनी याच विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली, तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेजची परंपरा निघाली. तुळशीबागेतील राममंदिर हे पुण्याचे सुभेदार नारो आप्पाजी खिरे यांचे, तर बेलबागेतील लक्ष्मीनारायणाचे मंदिर नाना फडणीसांचे. दोन्ही अठराव्या शतकाच्या सातव्या दशकातील, आणि दोन्हींच्या आवाराच्या भिंतींना दुकाने चिकटलेली, कारण देवस्थानाचे उत्पन्न आणि पेठेचा बाजार यांचा हिशेब येथे आरंभापासून एकत्र होता. १८८६ मध्ये मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची इमारत सुरू झाली आणि शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरणारा भाजीबाजार तेथे हलला. तिला आधी रे मार्केट आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळाले.

बहुतेक फेऱ्या येथे, विश्रामबागवाड्याशी किंवा मंडईशी, संपतात. राजधानीला पैसा पुरवणारे शहर मात्र याच्या पूर्वेला होते. रविवार पेठेत सराफ, कापडाचे व्यापारी आणि बोहरी दुकानदार यांच्या आळ्या होत्या, आणि नागझरीच्या काठी सोमवार पेठेत गोसाव्यांची वस्ती होती. गोसावी म्हणजे येथे भिक्षेकरी नव्हे. उत्तरेतील संन्यासी आखाड्यांशी जोडलेले हे गुरुशिष्य-परंपरेचे लोक यात्रेच्या वाटांनी व्यापार करीत, सावकारी करीत आणि हुंड्या वटवत; हुंडी म्हणजे एका गावी पैसे भरून दुसऱ्या गावी ते मिळवण्याचा कागद. त्यांची मालमत्ता गुरूकडून शिष्याकडे जात असल्याने भाऊबंदकीत तिचे तुकडे पडत नसत, आणि म्हणून त्यांचे भांडवल पिढ्यान्‌पिढ्या वाढत राही. उत्तरेतील स्वाऱ्यांसाठी कर्ज काढणाऱ्या आणि तिकडचा वसूल इकडे आणणाऱ्या पेशव्यांच्या सरकारला अशा सावकारी जाळ्यांवाचून गत्यंतर नव्हते.

या गोसाव्यांपैकी भीमजीगिरी यांनी १७५४ मध्ये सोमवार पेठेत बांधावयास घेतलेले त्रिशुंड गणपतीचे मंदिर हे पुण्यातील सर्वांत विलक्षण मंदिर आहे. पुण्याची बहुतेक पेशवाई देवळे लाकडी सभामंडपाची आणि चुन्या-विटांच्या शिखराची आहेत. हे मात्र काळ्या घडीव दगडाचे, कोरीव दर्शनी भिंतीचे आणि खाली तळघर असलेले आहे. आतील मूर्ती तीन सोंडांची, सहा हातांची आणि मोरावर बसलेली असून भिंतीवर संस्कृत आणि फार्सी असे दोन्ही भाषांतील लेख कोरले आहेत. दर्शनी भागावर गेंड्याला साखळदंडाने बांधणारे फिरंगी शिपाई दाखवले आहेत. त्या शिल्पाचा अर्थ बंगालवरील इंग्रजी सत्तेशी जोडला जातो. तो निश्चित मानता येत नाही, परंतु देशभर व्यवहार असलेल्या सावकारी पंथाला दूरच्या घडामोडींची खबर असणे स्वाभाविक होते.

जुन्या पुण्याचा ऱ्हास एका घावाने झाला नाही. आगींनी लाकडी वाडे नेले, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिवाजी रस्ता आणि लक्ष्मी रस्ता पेठांच्या मधून काढले गेले तेव्हा अनेक घरांच्या दर्शनी ओसऱ्या गेल्या, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठची घरे कोसळवली, आणि त्यानंतर जुने भाडे आणि भाऊबंदांचे वाद यांत अडकलेल्या वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. वाडा पडला की तो परत येत नाही. परंतु पेठेची आखणी, आळीची वळणे, हौदांच्या जागा आणि देवळांभोवतीचा बाजार या गोष्टी इमारतींपेक्षा चिवट निघाल्या, आणि पेशवाई पुण्याचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा आज त्यांच्यातच आहे. त्यांचे संरक्षण करण्यासाठी मोठा निधी लागत नाही. रस्तारुंदीच्या आराखड्यात त्या नोंदल्या जाव्यात आणि उच्छ्वास व हौद यांवर बांधकाम होऊ नये, एवढे पुरे आहे. वारसा फेऱ्या काढणाऱ्या संस्थांनीही आपली वाट विश्रामबागवाड्याशी न थांबवता ती रविवार पेठेतून सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीपर्यंत आणि तेथून गंज पेठेतील फुले वाड्याच्या हौदापर्यंत न्यावी.